कॉफीचा रास्त भाव

१५ नोव्हेंबर १९८८ या दिवशीं हॉलंडमध्यें एका लहानशा समारंभांत कॉफीचें एक पुडकें राजपुत्र क्लाउस यांच्या हातीं देण्यांत आलें. पुडक्यांतील कॉफी मेक्सिको देशाच्या दक्षिणेकडील डोंगरांत पिकलेली होती. पुडक्यावर जो शिक्का होता, त्यावर नांव होतें एका कादंबरीच्या नायकाचें. आणि ती कादंबरी घडते जावा बेटांत. मेक्सिकोचा शेतकरी, जावांतला अन्याय आणि हॉलंडचें गिऱ्हाईक हीं तीन टोकें एका पुडक्यांत कशीं बांधलीं गेलीं, याची हकीकत सुमारें तीनशें वर्षांची आहे. ती कॉफीची असली तरी तिच्यांतला प्रश्न चहाला, कापसाला, साखरेला, किंबहुना जें जें पीक पिकविणारा एका देशीं व वापरणारा दुसऱ्या देशीं राहतो, त्या सर्वांना लागू आहे. ज्याच्या घामानें माल तयार होतो, त्याच्या पदरांत त्या मालाच्या किमतींतून काय पडावें, हाच तो प्रश्न.

कॉफीच्या दाण्याला जुन्या मराठींत, अरबांपासून घेतलेल्या शब्दानें, बुंद म्हणत. हें झाड मूळचें हबसाण देशचें. तेथून तें तांबडा समुद्र ओलांडून येमेनांत गेलें, आणि तेथील मोखा बंदरांतून त्याचे दाणे दूरदूरच्या देशांत जाऊं लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीस वलंदाजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानच्या मलबार किनाऱ्यावरून त्याचीं रोपें जावा बेटांत नेलीं. तेथील डोंगर-उतारांची माती व हवा त्या रोपांना अशी मानवली कीं, थोडक्याच वर्षांत ॲमस्टरडॅमच्या बाजारांत जावाची कॉफी येऊं लागली. ती लावणाऱ्या जावाच्या रयतेला मात्र ‘ही लावूं कीं न लावूं’ असें विचारण्यांत आलें नव्हतें. पश्चिम जावांतील डोंगराळ मुलखांत देशी सरदारांच्या मार्फत ठराविक माल ठराविक दरानें घेण्याची सक्ति अठराव्या शतकांतच सुरू झाली.

या सक्तीला पुरतें शास्त्रशुद्ध रूप आलें तें इ. स. १८३० मध्यें. गव्हर्नर-जनरल योहान्नेस व्हान डेन बॉश यानें जी व्यवस्था घालून दिली, तिला ‘लागवडपद्धति’ असें साळसूद नांव होतें. हॉलंडचा खजिना त्या वेळीं ओढगस्तीस आलेला होता. जावांत दिपोनेगोरोशीं चाललेल्या युद्धानें पांच वर्षें पैसा खाल्ला होता, आणि घराशेजारीं बेल्जम फुटून निघत होता. व्यवस्थेचा नियम कागदावर मोठा सोपा दिसे. शेतसाऱ्याच्या ऐवजीं गांवानें आपल्या जमिनीचा पांचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाखालीं आणावा; ज्याला जमीन नसेल त्यानें वर्षांतून सहासष्ट दिवस सरकारी लागवडींत राबावें. ऊस, नीळ आणि कॉफी हीं मुख्य पिकें. माल सरकारनें ठरविलेल्या दरानें घ्यावयाचा, १८२४ मध्यें स्थापन झालेल्या नेदरलंड्स व्यापारी कंपनीनें तो हॉलंडला न्यावयाचा, आणि तेथें त्याचा लिलाव व्हावयाचा.

कागदावरचा पांचवा हिस्सा शेतांत पांचवा राहिला नाहीं. वलंदाज अंमलदारांना व देशी सरदारांना जमा होणाऱ्या मालावर शेंकडेवारी मिळत असे. तेव्हां जितका माल अधिक तितकी त्यांची मिळकत अधिक. जो दंडा हातीं धरतो त्यालाच वसुलींत वाटा दिला, म्हणजे दंडा किती जोरानें पडेल हें सांगावयास नको. कॉफीचें झाड भाताच्या खाचरांत होत नाहीं. त्याला उंचावरचा उतार लागतो. गांवकऱ्यांनीं कोसच्या कोस चढून जावें, रान तोडावें, रोपें लावावीं, फळें खुडावीं, आणि वाळलेल्या दाण्यांचें ओझें खालच्या वखारीपर्यंत आणावें. इकडे भाताच्या लावणीचे दिवस निघून जात. १८४० नंतरच्या दशकांत चेरिबोन, देमाक आणि ग्रोबोगान या भातपिकाच्या मुलखांत दुष्काळ पडले आणि माणसें अन्नावांचून मेलीं. शतकाच्या मध्याच्या सुमारास हॉलंड सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या जावाकडून येत होता. त्या पैशांतून हॉलंडचीं कर्जें फिटलीं आणि आगगाडीचे रूळ पडले.

या व्यवस्थेंत एडुआर्ड डाउएस डेकर नांवाचा एक अंमलदार होता. तो १८२० मध्यें ॲमस्टरडॅम येथें जन्मला व अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं पूर्वेकडे आला. १८५६ च्या जानेवारींत त्याची नेमणूक पश्चिम जावांतील लेबाक या दरिद्री परगण्यांत असिस्टंट रेसिडेंट म्हणून झाली. लेबाकमध्यें त्याला दिसलें तें असें कीं, तेथील देशी सरदार व त्याचे नातलग रयतेकडून वेठ घेतात, तिच्या म्हशी मोबदल्याशिवाय ओढून नेतात, आणि वरचे वलंदाज अधिकारी हें सर्व जाणून डोळेझांक करितात. कारण सरदार नाराज झाला तर वसूल बिघडेल. डेकरनें सरदारावर उघड आरोप ठेवला व चौकशी मागितली. वरिष्ठांनीं उलट त्यालाच दोष दिला. कारभार हातीं घेतल्यावर तीन महिनेही पुरते झाले नव्हते तोंच त्यानें राजीनामा दिला.

पुढें १८५९ मध्यें ब्रुसेल्स येथें अत्यंत हलाखींत असतांना त्यानें थोड्याच आठवड्यांत एक कादंबरी लिहून काढली. लेखकाचें नांव त्यानें घेतलें ‘मुल्टाटुली’. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘मीं पुष्कळ सोसलें आहे’ असा होतो. कादंबरीचें नांव ‘मॅक्स हॅवेलार’. आणि त्याखालीं उपशीर्षक असें कीं, हे नेदरलंड्स व्यापारी कंपनीचे कॉफीचे लिलाव आहेत. कथेचा पहिला निवेदक ॲमस्टरडॅमचा एक कॉफीदलाल आहे. त्याचें घर, त्याचा धर्म, त्याची हिशेबाची वही, सर्व कांहीं स्वच्छ व टापटिपीचें. आपल्या कॉफीचे दाणे कोणाच्या हातांतून आले हा विचार मात्र त्याच्या मनाला शिवत नाहीं. त्याच पुस्तकांत साइजा या शेतकऱ्याच्या मुलाची कथा येते. त्याच्या बापाच्या म्हशी एकामागून एक हिरावल्या जातात, तो पैसा मिळविण्यासाठीं गांव सोडून जातो, आणि परत येतो तेव्हां जिच्यासाठीं गेला ती आदिंदा गांवांत नसते.

हस्तलिखित छापण्याची खटपट याकोब व्हान लेनेप या प्रतिष्ठित साहित्यिकानें केली. पण त्यानें प्रसिद्धीचे हक्क आपल्याकडे घेतले, स्थळांचीं नांवें व तारखा काढून तेथें टिंबें घातलीं, आणि पुस्तक महाग ठेविलें. हेतु हा कीं, तें फार लोकांच्या हातीं जाऊं नये. १८६० मध्यें तें बाहेर पडलें आणि हा बंदोबस्त फोल ठरला. हॉलंडच्या प्रतिनिधिसभेपर्यंत त्याचा गाजावाजा पोंचला. एका पुस्तकानें राज्यव्यवस्था पालटली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; खासगी भांडवलवाल्यांनाही सरकारी मक्ता मोडावयास हवाच होता. तरी १८७० च्या कायद्यांनीं सक्तीची लागवड क्रमानें बंद होऊं लागली, यांत लोकमताचा भाग मोठा होता. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, सर्वांत अधिक नफ्याचें पीक जें कॉफी, त्यावरील सक्ति सर्वांत शेवटीं सुटली. विसावें शतक उजाडल्यावरही ती कांहीं भागांत चालू होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास एकामागून एक वसाहती स्वतंत्र झाल्या आणि सक्तीच्या वसुलीचा काळ संपला. पण त्यामुळें कॉफी पिकविणाऱ्याचें दैव पालटलें असें झालें नाहीं. आतां त्याच्या मालाचा भाव न्यू यॉर्क व लंडन येथील सट्टेबाजारांत ठरूं लागला. कॉफीचें झाड लावल्यापासून फळास येण्यास तीन-चार वर्षें लागतात. भाव चढला म्हणून सर्वांनीं झाडें लावावीं, आणि तीं फळास येतात तों भाव कोसळलेला असावा, हा या पिकाचा जुना शाप आहे. ब्राझीलमध्यें एका रात्रीं हिंव पडलें तर भाव आकाशास भिडतो. दुसऱ्या वर्षीं पीक बहरलें कीं तो पाताळांत जातो. हे झोंके आंवरण्यासाठीं १९६२ मध्यें पिकविणाऱ्या व पिणाऱ्या देशांनीं मिळून आंतरराष्ट्रीय कॉफी-करार केला व प्रत्येक देशाचा निर्यातीचा वाटा ठरवून दिला. करारानें भाव बराच सांवरला. पण सरकारच्या तिजोरीपाशीं सांवरलेला भाव डोंगरावरच्या झोंपडीपर्यंत पोंचेलच, याची हमी त्यांत नव्हती.

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतांत तेवान्तेपेकच्या संयोगभूमीलगत जे डोंगर आहेत, तेथें सापोतेक, मिहे इत्यादि आदिवासी जमातींचीं गांवें आहेत. येथील शेतकऱ्यांच्या बागा लहान, एकरा-दोन एकरांच्या किंवा थोड्या अधिक. झाडें मोठ्या वृक्षांच्या सावलींत वाढलेलीं. हिंवाळ्यांत लाल फळें एकएक करून खुडावयाचीं, त्यांचा गर काढावयाचा, दाणे आंबवून धुवावयाचे, आणि अंगणांत पसरून उन्हांत वाळवावयाचे. हें सर्व काम घरचीं माणसें करितात. पण डोंगर उतरून बाजारपेठ गांठावयाची तर ना रस्ता ना वाहन. ही अडचण ओळखून दलाल वर येत. तेथील लोक त्यांना कोयोते म्हणतात. कोयोते म्हणजे कोल्ह्याच्या जातीचें एक धूर्त जनावर. उभ्या पिकावर आगाऊ पैसा द्यावा, व्याज कापावें, काटा मारावा आणि दाणा ओला आहे म्हणून भाव पाडावा, हे त्यांचे डाव. ज्या वाचकाला महाराष्ट्रांतील गांवच्या सावकाराची व अडत्याची हकीकत ठाऊक आहे, त्याला हें चित्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. सरकारनें १९५८ मध्यें कॉफी-मंडळ काढलें होतें व तें पुढें मालही विकत घेई. पण पैसे मिळण्यास विलंब आणि कारभारांत वशिला, यांमुळें गरजवंताला पुनः कोयोतेच्याच दारीं जावें लागे.

या गांवांत फ्रान्स व्हान डेर होफ नांवाचे एक वलंदाज धर्मोपदेशक १९८० च्या सुमारास येऊन राहिले. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेले, व विद्वान असूनही अंगमेहनतीनें पोट भरणारे. गांवोगांवच्या सभांत शेतकऱ्यांनींच हिशेब मांडला: आपली कॉफी दलाल कितीला घेतो, बंदरावर ती कितीला जाते, आणि मधला पैसा कोठें मुरतो? त्या हिशेबांतून संयोगभूमि-प्रदेशांतील आदिवासी ग्रामांचा संघ उभा राहिला. त्याच्या स्पॅनिश नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्याला ‘उसिरी’ म्हणतात. १९८३ मध्यें त्याला सरकारदरबारीं मान्यता मिळाली. संघानें माल एकत्र केला, स्वतः बंदराकडे नेला, आणि मधले हात गाळले. ज्यांचे हात गळाले ते स्वस्थ बसले नाहींत. त्या वर्षांत संघाच्या कांहीं सभासदांना प्राणास मुकावें लागलें. रास्त भाव ही दूरच्या ग्राहकांनीं दयाळूपणें दिलेली देणगी होती, असा समज कोणाचा असेल तर तो या एका गोष्टीनें दूर व्हावा.

युरोपांतही या विचाराची पेरणी आधींच झालेली होती. हॉलंडमधील केर्कराडे या गांवीं १९५९ मध्यें कांहीं तरुणांनीं गरीब देशांच्या मदतीसाठीं एक संस्था काढली. आरंभीं ती सिसिलीला दुधाची भुकटी पाठवी; पुढें तिनें गरीब देशांतील कारागिरांच्या वस्तु आणून विकण्यास सुरुवात केली. १९६४ मध्यें जिनीव्हा येथें व १९६८ मध्यें नवी दिल्ली येथें संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदा भरल्या. ‘मदत नको, व्यापार द्या’ हा जो सूर गरीब देशांनीं लावला, त्याचा पडसाद हॉलंडमध्यें उमटला. १९६९ मध्यें ब्रोकेलेन येथें अशा मालाचें पहिलें ‘जगाचें दुकान’ उघडलें, आणि १९७३ मध्यें ग्वाटेमालाच्या सहकारी संघांची कॉफी त्या मार्गानें येऊं लागली. पण या दुकानांत जाणारें गिऱ्हाईक मूठभर. उसिरीच्या शेतकऱ्यांना तेथें जो भाव मिळे तो चांगला होता. मात्र संघाच्या एकंदर पिकाचा फारच थोडा भाग तेथें खपत असे.

व्हान डेर होफ आणि सॉलिडारिडाड या हॉलंडमधील संस्थेचे निको रोझेन, या दोघांनीं यावर तोड काढली. स्वतंत्र दुकान काढावयाचें नाहीं. नेहमींच्याच दुकानांत, नेहमींच्याच फळीवर ही कॉफी यावी. कॉफी भाजून विकणारा कोणताही व्यापारी ठराविक अटी पाळील तर त्याच्या पुडक्यावर एक शिक्का मिळावा, आणि तो पाहून ग्राहकानें ओळखावें कीं, हिच्या मागें वेठबिगारीचा हिशेब नाहीं. शिक्क्याला नांव काय द्यावें, याचा शोध फार दूर करावा लागला नाहीं. हॉलंडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असलेलें नांव होतें: मॅक्स हॅवेलार. ज्या देशानें जावाच्या कॉफीवर आपलीं कर्जें फेडलीं, त्या देशाच्या स्वयंपाकघरांत तें नांव सव्वाशें वर्षांनीं पुनः गेलें, आणि या वेळीं त्यावर टिंबें नव्हतीं.

अटी थोडक्यांत अशा. माल लहान शेतकऱ्यांच्या लोकशाही पद्धतीनें चालणाऱ्या संघाकडून घ्यावा. त्याला एक किमान भाव द्यावा. बाजार त्याखालीं गेला तरी तो भाव सुटूं नये, आणि बाजार वर गेला तर बाजारभाव द्यावा. शिवाय दर पौंडामागें कांहीं अधिक रक्कम संघाच्या सार्वजनिक कामासाठीं असावी. संघानें मागितल्यास कराराच्या किमतीचा मोठा भाग आगाऊ द्यावा, म्हणजे हंगामाच्या तोंडीं शेतकऱ्याला कोयोतेचें कर्ज काढावें लागूं नये. आणि व्यवहार एका हंगामापुरता नसून टिकाऊ असावा. या अटींत आगाऊ रकमेची अट दिसावयास लहान, पण शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती भावाइतकीच मोलाची. कारण कमी भावाचें मूळ पुष्कळदां गरजेच्या वेळीं घेतलेल्या कर्जांत असतें.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. शिक्का निघून वर्षही झालें नव्हतें, तोंच १९८९ च्या जुलैंत आंतरराष्ट्रीय कॉफी-करारांतील निर्यातीचे वांटे मोडून पडले, आणि थोड्याच महिन्यांत जगाच्या बाजारांत कॉफीचा भाव निम्म्यावर आला. मेक्सिको सरकारनेंही आपलें कॉफी-मंडळ मोडीत काढलें. लक्षावधि शेतकरी एकदम उघडे पडले. शिक्क्याच्या व्यवहारांत मात्र किमान भाव पौंडास सव्वा डॉलरच्या आसपास होता, आणि तो टिकला. २००१ मध्यें न्यू यॉर्कचा भाव पौंडास पन्नास सेंटांच्याही खालीं गेला, तेव्हां हाच किमान भाव बाजाराच्या दुपटीहून अधिक होता. मध्य अमेरिकेंत त्या वर्षांत कित्येक कुटुंबांनीं बागा टाकल्या व शहरांची किंवा उत्तरेची वाट धरली. ज्या गांवांत संघ होते, तेथें निदान कांहीं घरांना बाग राखतां आली.

उसिरीनें मिळालेल्या पैशांतून केवळ घरखर्च भागविला नाहीं. डोंगरांतून जाणारी स्वतःची मोटार-गाडी संघानें सुरू केली, शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शेतकीची शाळा काढली, औषधपाण्याची सोय केली, आणि रासायनिक खतांवांचून कॉफी पिकविण्याची पद्धत सभासदांत रुजविली. या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना दलालाच्या काट्यापुढें मान खालीं घालावी लागे, ते आतां परदेशच्या व्यापाऱ्याशीं समोरासमोर बसून करार करूं लागले. हा फायदा सेंटांत मोजतां येत नाहीं. पण ज्यानें आधींची स्थिति भोगली आहे, त्याला त्याची किंमत कळते.

हॉलंडमागून स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड इत्यादि देशांत असेच शिक्के निघाले, आणि १९९७ मध्यें त्या सर्वांची एक आंतरराष्ट्रीय संघटना जर्मनींतील बॉन येथें स्थापन झाली. कॉफीबरोबर चहा, कोको, केळीं, साखर, कापूस असे अनेक जिन्नस या व्यवस्थेंत आले. जसजसा व्याप वाढला तसतसे दोषही दिसूं लागले, आणि ते झांकून ठेवणें हॅवेलारच्या नांवाला शोभणारें नाहीं. संघांच्या मालापैकीं शिक्क्याच्या भावानें विकला जाणारा भाग पुष्कळ ठिकाणीं निम्म्याहूनही कमी असतो. बाकीचा साध्या बाजारांत जातो. किमान भाव १९९० नंतर पंधरा-सोळा वर्षें जवळजवळ जागच्या जागीं राहिला, आणि महागाईनें त्याचें मोल झिजत गेलें. पुढें तो वाढविण्यांत आला; २०११ मध्यें पौंडास एक डॉलर चाळीस सेंट आणि २०२३ मध्यें एक डॉलर ऐंशी सेंट झाला. पण शेतकऱ्याचा खर्च त्याची वाट पाहत थांबला नव्हता. उलटपक्षीं, बाजार एकदम चढतो तेव्हां कोयोते रोख पैसे घेऊन दारांत उभा राहतो, आणि संघाला ठरलेला माल जमविणें जड जातें.

दुसरा दोष याहून खोल आहे. लहान शेतकऱ्याच्या बागेंतही हंगामाला मजूर लागतात, आणि त्यांच्या मजुरीपर्यंत या भावाचा ओघ पोंचतोच असें नाहीं. लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्याशाळेच्या संशोधकांनीं इथिओपिया व युगांडा येथें पाहणी करून २०१४ मध्यें हें परखडपणें दाखवून दिलें. त्याआधीं २०११ मध्यें अमेरिकेंतील शिक्का देणारी संस्था आंतरराष्ट्रीय संघटनेंतून बाहेर पडली, आणि तिनें मोठ्या मळेवाल्यांच्या कॉफीलाही शिक्का देण्याचें ठरविलें. लहान शेतकऱ्यांचे संघ यानें दुखावले. लॅटिन अमेरिकेंतील संघांनीं तर २००६ मध्येंच, केवळ लहान उत्पादकांचें असें आपलें स्वतंत्र चिन्ह निर्माण केलें होतें. शिक्का कोणाचा, तो देण्याचा अधिकार कोणाला, आणि अटी ठरवितांना पिकविणाऱ्याचा शब्द किती चालावा, हा वाद अजून मिटलेला नाहीं.

परंतु या वादाचें स्वरूपच पालटलेलें आहे, हें विसरतां कामा नये. लेबाकच्या रयतेच्या वतीनें बोलण्यासाठीं एका परक्या अंमलदाराला आपली नोकरी घालवावी लागली, आणि त्याचा शब्दही छापतांना कापला गेला. ओआहाकाच्या शेतकऱ्यांनीं आपला हिशेब आपण मांडला, आपला माल आपण वजन केला, आणि पुढें शिक्क्याच्या अटी अपुऱ्या वाटल्या तेव्हां तसें उघड सांगणाऱ्यांत त्यांच्यासारख्याच शेतकऱ्यांचे संघ होते. डेकरच्या पुस्तकांतील त्या टापटिपीच्या दलालाला आपल्या वहींत एक रकाना कधींच सांपडला नव्हता: दाणा खुडणाराला काय मिळालें, याचा. आज तो रकाना आहे. त्यांतला आंकडा अजून लहान आहे, पुष्कळदां चुकीचाही असतो. पण तो कोणीतरी विचारतो, आणि उत्तर देणारा माणूस आतां समोर बसलेला असतो.